मूर्ती कुठाय?

आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले, की तिसऱ्या महिन्यात दाखवण्यासारखं काही उरत नाही. नायगारा झाला, न्यूयॉर्क झालं, कॉस्टकोचं दुकान तर चार वेळा झालं. मग मी रेडिंगचा पॅगोडा काढला. इथेच, पेन्सिल्व्हेनियात. बाबा तेवढ्यावर खूश, कारण देऊळ.

"रीडिंग," पाटी वाचून बाबा म्हणाले.

"रेडिंग म्हणतात, बाबा."

"मग वाचायचं कशाला?"

पुढे स्कूलकिल नदी लागली. "हे नदीचं नाव आहे की मास्तरांना धमकी?" मूळ डच नावाचा अर्थ 'दडलेली नदी' असं मी सांगितलं, पण ते कोण ऐकतंय! माउंट पेनची वळणं सुरू होताच आईने खंबाटकीत काढते तशी आलेपाकाची वडी काढली आणि डोळे मिटले.

वर पॅगोडा मात्र झकास. लाल, सात मजली, खालच्या शहराहून 620 फूट उंच. बाबा चपला काढायला वाकलेच.

"मूर्ती कुठाय?"

"मूर्ती नाहीये."

"मग आत काय आहे?"

"जिना."

पायऱ्या 87. "पर्वतीच्या 103 चढले होते मी. तुझ्या वेळी, सातव्यात," आई म्हणाली आणि माझ्या पुढे गेली. मी कठडा धरून धापा टाकत मागे.

माथ्यावर जपानहून आणलेली घंटा, 1739 सालची. "वसईचं साल!" बाबा ओरडले. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती त्याच वर्षी, आणि तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. बाबांचा हात सवयीने वर गेला, तो मी वेळेत धरला. खाली आईने सगळं शहर, नदी न्याहाळून विचारलं, "कॉस्टको कुठलं रे यातलं?"

शेवटी मी इतिहास काढला. विटमन नावाच्या खाणवाल्याने दगडासाठी हा डोंगर पोखरला. तो ओरखडा झाकायला 1908 मध्ये हे उभारलं. आत चैनीचं हॉटेल करायचं होतं, पण दारूचा परवाना मिळेना, कर्ज फिटेना. 1911 मध्ये वास्तू शहराच्या पदरात पडली.

बाबांचा चेहरा उजळला. दिवसभरात पहिल्यांदाच. "डोंगर खायचा आणि वर देऊळ बांधायचं! अरे, हा आपल्याच तालुक्यातला माणूस!"

गाडीत बसताच त्यांनी काकांना फोन लावला. खाण, कर्ज, परवाना, सगळं मीठमसाला लावून सांगितलं. स्पीकर चालू होता. पलीकडून काका म्हणाले, "ते राहू दे. मूर्ती कशाची आहे?"