ऑइल कमी होतंय म्हणून लगेच इंजिन उघडू नका

जुन्या एसयूव्हीबद्दलचा एक संदेश बराच काळ या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: चांगलं इंजिन ऑइलचा थेंबही खात नाही. गाडी लाखभर किलोमीटर चालल्यावर ऑइल खायला लागली, की पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणून समजा. सायलेन्सरमधून धूर नसेल, तर ऑइल जळत नाही, कुठेतरी गळतंय. शंका असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) तपासा, सगळं कळतं. डिझेल गाडी असेल तर दोष टर्बोचा (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचा). आणि इंजिनचं काम परवडत नसेल, तर जाड ऑइल टाका आणि टॉपअप करत चालवा.

प्रत्येक वाक्यात थोडंथोडं खरं आहे, म्हणून तर संदेश चालतो. पण त्यावर विसंबून लोक धडधाकट इंजिनं उघडून बसतात, आणि काम झाल्यावरही डिपस्टिकवरची पातळी उतरतच राहते.

पहिलं वाक्य आधी निकालात काढू. थेंबही न खाणारं इंजिन नसतं. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर नसेल, तर रिंगा ती भिंत खरवडून काढतील. त्या थरातलं थोडं ऑइल जळतंच. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप मान्य केलेला असतो. ही मर्यादा मला कंपनीच्या सोयीची वाटते, तिला मी निरोगी इंजिनाचं माप मानत नाही. पण पाच हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल लागणाऱ्या जुन्या गाडीच्या मागे लागू नये, हेही तितकंच खरं. हजाराला अर्धा लिटर जायला लागलं, की शोध सुरू करावा.

आणि हा आकडा खरा हवा. एकदा उतारावर उभ्या गाडीत, एकदा इंजिन बंद केल्याकेल्या, एकदा सकाळी थंड असताना डिपस्टिक पाहिली, तर तीन वेगळी उत्तरं मिळतात. गाडी सपाट जागी लावा, इंजिन गरम असताना बंद करा, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा (बहुधा पाच ते दहा मिनिटं), वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा आणि किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर तशाच अवस्थेत पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा आणि किती लागलं ते मोजा. मापाचं भांडं नसेल तर डबा आधी आणि नंतर वजन करा. एक लिटर इंजिन ऑइल साधारण ८५० ग्रॅम भरतं. वरच्या खुणेच्या पुढे मात्र भरू नका. क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो फिरणारा दांडा) त्या ऑइलला घुसळून फेस करतो आणि जास्तीचं ऑइल ब्रीदरवाटे (आतला वायू बाहेर नेणाऱ्या नळीवाटे) इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या वाटेत, जाऊन जळतं. ‘भरलं की लगेच कमी होतं’ अशी तक्रार करणाऱ्या काही गाड्यांचं दुखणं एवढंच असतं.

डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (डीपीएफ, धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या गाड्यांत आणखी एक गोम आहे. फिल्टरमधली काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं आणि त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळतं. शहरात छोट्या फेऱ्या मारल्या तर पातळी जागच्या जागी राहते, कधी वरही जाते. म्हणजे ऑइल जळतंय, पण त्याची जागा डिझेल भरून काढतंय. डिपस्टिकला डिझेलचा वास येत असेल, तर पातळी बघून खुश होऊ नये.

आता धुराची गोष्ट. हजार किलोमीटरला एक लिटर म्हणजे किलोमीटरला एक मिलिलिटर, साधारण वीस थेंब. ताशी साठच्या वेगाने एक किलोमीटर कापायला एक मिनिट लागतं. इंजिन तेव्हा मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरमध्ये मिळून ४००० स्फोट होतात. वीस थेंब चार हजार स्फोटांत वाटले गेले, म्हणजे दोनशे स्फोटांना एक थेंब. त्यापुढे सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर शुद्ध करणारा तापलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यातला बराचसा भाग जाळून टाकतो. मग मागच्या गाडीला निळा धूर दिसणार कुठून? धूर नाही म्हणजे ऑइल जळत नाही, हा निष्कर्ष इथेच कोसळतो. धूर दिसलाच, तर मात्र तो कधी दिसतो ते नीट पाहा. रात्रभर उभी राहिलेली पेट्रोल गाडी सुरू करताना एक निळा भपका येऊन थांबला, किंवा गिअरमध्ये लांब उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर आला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल खाली जाऊ न देणाऱ्या रबरी कड्यावर). चढावर, जोर देताना सलग येत राहिला, तर रिंगांवर.

गळतीचा मुद्दा मात्र संदेशात आहे त्यापेक्षा गंभीरपणे घ्यायला हवा. जमिनीवर डाग नाही म्हणून गळती नाही, असं नसतं. प्रेशर स्विच, ऑइल फिल्टरचं हाउसिंग, ऑइल कूलरचं पॅकिंग या जागा इंजिन चालू असताना दाबाखाली गळतात आणि बंद केल्यावर कोरड्या दिसतात. एसयूव्हीच्या पोटाखालचं संरक्षक पत्र्याचं कव्हर उरलेलं ऑइल झेलतं. कव्हर काढा, इंजिन धुऊन कोरडं करा, शंभरेक किलोमीटर चालवा आणि मग टॉर्च घेऊन खाली शिरा. तरीही सापडलं नाही तर ऑइलमध्ये चमकणारा रंग टाकून निळ्या-जांभळ्या दिव्यात पाहता येतं. स्पार्क प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं असेल, तर ती टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) सीलची गळती. तिचा रिंगांशी काही संबंध नाही.

‘रिंगाच गेल्या’ आणि ‘कॉम्प्रेशन तपासा’ ही दोन वाक्यं एकत्र घ्यावी लागतील, कारण ती एकमेकांना छेद देतात. पिस्टनवर साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोघींवर मुख्यतः दाब अडवण्याचं काम, तर भिंतीवरचं जास्तीचं ऑइल खरवडून खाली पाठवणं हे तिसरीचं. तिच्या खाचेच्या मागे पिस्टनला बारीक भोकं असतात, खरवडलेलं ऑइल त्यातून परत जातं. ऑइल उशिरा बदललं, किंवा इंजिन सतत तापत राहिलं, की ही भोकं काजळीने बुजतात आणि तिसरी रिंग खाचेत चिकटून बसते. वरच्या दोन शाबूत असतात, म्हणून कॉम्प्रेशन उत्तम येतं आणि गाडी तरीही ऑइल पिते. म्हणजे चांगलं कॉम्प्रेशन हे ऑइल न जळण्याचं प्रमाणपत्र नाही. कॉम्प्रेशन कमी आलं आणि सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडल्यावर ते वर चढलं, तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजल्याचा तो सबळ पुरावा. उलट दिशेने ती तपासणी मुकी आहे.

हे नुसतं पुस्तकी नाही. टोयोटाच्या २.४ लिटर २एझेड-एफई इंजिनात, जे आरएव्ही४ सारख्या एसयूव्हीतही होतं, नेमका हाच दोष निघाला होता. २०११ मध्ये कंपनीने सर्व्हिस बुलेटिन काढून बदललेल्या घडणीचे पिस्टन आणि रिंगा दिल्या. याउलट जनरल मोटर्सच्या ५.३ लिटर व्ही८ मध्ये, शेव्हर्ले टाहोसारख्या गाड्यांत, हलक्या भारावर चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा आल्यावर ऑइलच्या तक्रारी वाढल्या. तिथल्या दुरुस्तीत ऑइल साठणाऱ्या खालच्या टबमधून सिलिंडरवर उडणारं ऑइल अडवायला एक छोटा पत्रा बसवायचा होता आणि नव्या घडणीचं टॅपेट कव्हर द्यायचं होतं, कारण ब्रीदर त्या कव्हरमधूनच ऑइल ओढत होता. चिकटलेल्या रिंगा साफ करणंही त्यात होतं. पिस्टनला हात त्यानंतर.

टॅपेट कव्हर आणि ब्रीदर. संदेशात यांचा उल्लेखही नाही, आणि माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे. पिस्टनच्या बाजूने निसटलेला वायू खाली क्रँकच्या घरात, म्हणजे क्रँककेसमध्ये जमतो. तो पीसीव्ही व्हॉल्व्ह किंवा ब्रीदरवाटे पुन्हा इनटेकमध्ये नेला जातो. वाटेत ऑइलचे कण वेगळे करणारा कप्पा असतो, आणि बऱ्याच इंजिनांत दाब सांभाळणारा एक रबरी पडदा. पडदा फाटला, तर पेट्रोल इंजिनातलं व्हॅक्यूम थेट क्रँककेसमधून ऑइलची वाफ ओढतं. नळी काजळीने बुजली, तर आतला दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून बाहेर पडतं. मग मालक आज पुढचं सील बदलतो, उद्या मागचं, आणि गळती जागा बदलत राहते.

ही तपासणी इंजिन न उघडता होते. इंजिन आयडलवर असताना ऑइल भरायचं झाकण काढायला बघा. हलकी ओढ असेल तर ठीक. झाकण हाताला चिकटल्यासारखं घट्ट ओढलं जातंय, शिट्टीसारखा आवाज येतोय, तर पडदा फाटलेला असण्याची शक्यता दाट. झाकण काढून तोंडावर जाड कागद धरा. कागद जोरात वर उडत राहिला, तर नळी तुंबली आहे किंवा रिंगांमधून बराच वायू निसटतोय. डिझेलमध्ये थोडी धडधड जाणवणं स्वाभाविक आहे, तिला घाबरू नये. इनटेकची नळी सोडून आत बोट फिरवा: नुसता ओलसर थर चालतो, ओघळ चालत नाही.

ब्रीदर ठीक निघाला, तर स्पार्क प्लग काढा. चारपैकी एकच ओला किंवा राखेने माखलेला असेल, तर दोष त्या सिलिंडरमध्ये. मग प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडा. पिस्टनचा माथा काळा आणि कडेची गोल पट्टी धुतल्यासारखी चकचकीत दिसली, तर ऑइल खालून रिंगांवाटे वर येतंय. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि पाठीवर काजळीचे जाड गोळे असतील, तर ते वरून, सीलवाटे.

व्हॉल्व्ह सील बदलायला हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावंच लागतं, हाही एक समज. बऱ्याच पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्ट काढून काम भागतं. स्प्रिंग सोडली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून मिस्त्री प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉनची दोरी आत सरकवतात, एक टोक बाहेर ठेवतात आणि क्रँक हाताने फिरवतात. पिस्टन वर येताना दोरीचा गोळा व्हॉल्व्हना खालून दाबून धरतो. दोरीऐवजी दाबाची हवा भरूनही हे होतं. उष्णतेने कडक होऊन बांगडीसारखं कडकन मोडणारं जुनं सील हातात आलं, की पुढे काही विचारायची गरज राहत नाही.

डिझेलवाल्यांना टर्बो लगेच दोषी वाटतो, कारण इंटरकूलरच्या (टर्बोतली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइल दिसतं. पण ते ब्रीदरमधूनही येतं. ब्रीदरची नळी टर्बोच्या आधीच इनटेकला जोडलेली असते. शिवाय टर्बोमधलं ऑइल परतीच्या नळीतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली येतं. ती नळी चोंदली किंवा क्रँककेसमध्ये दाब साचला, तर ऑइलला परतीची वाट उरत नाही आणि धडधाकट टर्बोसुद्धा सीलमधून ऑइल सोडतो. नवा टर्बो बसवून महिन्यात तोही गळायला लागला, की दुकानदाराला शिव्या घालण्यापूर्वी ही नळी बघा. पंख्याचा दांडा वरखाली हलून पाती घराला घासत असतील, तर टर्बो गेला हे मान्य.

जाड ऑइलने खप थोडा घटतो, हे खोटं नाही. पण मूळचं पातळ ५डब्ल्यू-३० काढून जाड २०डब्ल्यू-५० भरलं, तर थंडीत सुरू करताना ऑइल वर पोहोचायला वेळ लागतो, आणि व्हॉल्व्ह टायमिंग बदलणारी यंत्रणा किंवा चेनचे टेन्शनर, जे ऑइलच्याच दाबावर चालतात, ते कुरकुरतात. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर एक पायरी वर, म्हणजे ५डब्ल्यू-४०, हा शहाणा प्रयोग आहे. जाडीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ऑइल उडून किती जातं. नोॲक चाचणीत ऑइल २५० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून घट मोजतात. एपीआय एसपी या अमेरिकी दर्जाला १५ टक्के घट चालते, एसीईए ए३/बी४ या युरोपीय दर्जाला १३ टक्केच. डीपीएफ असलेल्या डिझेलमध्ये मात्र कमी राखेचंच ऑइल हवं.

‘टॉपअप करत चालवा’ हा सल्ला मर्यादेत ठीक आहे, पण फुकटचा नाही. जळलेल्या ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करत जातो आणि राख डीपीएफमध्ये कायमची बसते. काजळी जळते, राख जळत नाही. टर्बो डिझेलमध्ये तर इनटेकमध्ये भरपूर ऑइल शिरलं, की इंजिन त्याच ऑइलवर सुसाट पळू शकतं. चावी काढूनही ते थांबत नाही, कारण त्याला इंजेक्टरची गरज उरलेली नसते. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक गच्च दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून ते बंद पाडता येतं. ऑटोमॅटिक असेल तर लांब व्हा.

एवढं सगळं पाहून दोष रिंगांवरच आला, तरी आधी पिस्टन भिजवण्याचा उपाय करून बघावा: प्लगच्या भोकातून काजळी विरघळवणारं द्रावण सोडून रात्रभर ठेवायचं, प्लग बसवण्याआधी क्रँक फिरवून ते पूर्ण बाहेर काढायचं आणि ऑइल बदलायचं. चिकटलेली रिंग कधी सुटते, झिजलेली कधीच सुटत नाही. इंजिन उघडावंच लागलं, तर बोअर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून घ्या आणि आकडे कागदावर मागा. बोअर अंडाकृती झाला असेल, तर नुसत्या नव्या रिंगा टाकणं वाया. एअर फिल्टरचं घर आणि त्यापुढची नळीही तपासा. तिथल्या फटीतून शिरलेल्या धुळीने बोअर झिजला असेल आणि ती फट तशीच राहिली, तर नव्या रिंगाही त्याच वाटेने जातील. पिस्टन जुनेच ठेवणार असाल, तर तिसऱ्या रिंगेच्या खाचेतली भोकं उजेडाकडे धरून एकेक बघा.