गूगल-व्हॉट्सअ‍ॅप सोडणे अशक्य असल्याच्या दाव्याचा प्रतिवाद

जळगाव-धुळ्याकडच्या गटांतून सध्या एक मजकूर पुढे ढकलला जातो आहे. गूगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप सोडा असे सांगणारे लोक शहरातले रिकामटेकडे आहेत, या सेवा फुकट आहेत, शेतकऱ्याकडे आणि दुकानदाराकडे लपवण्यासारखे काही नसते, व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे तसेही कुलूपबंद असते, पर्याय इंग्रजीत आणि अवघड आहेत, शिवाय सोडायचे तर सगळेच सोडावे लागेल, असा त्याचा आशय आहे. मजकुरातील काही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणूनच तो पटतो. तरीही एकेक विधान तपासून पाहिले, तर त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

पहिले विधान फुकटेपणाचे. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिचे २०२३ सालचे उत्पन्न सुमारे ३०७ अब्ज डॉलर होते आणि त्यातले सुमारे २३८ अब्ज जाहिरातींतून आले. त्याच वर्षी फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपची मालक कंपनी मेटा हिच्या सुमारे १३५ अब्जांपैकी १३२ अब्ज जाहिरातींचे होते. हे पैसे जाहिरातदार देतो, आणि चोपड्यातला ठिबकचा विक्रेता फेसबुकवर जाहिरात करतो तेव्हा तो खर्च अखेर नळीच्या किमतीतच बसवतो. फुकटाची मुदतही कंपनीच ठरवते. गूगल फोटोजमध्ये अमर्याद छायाचित्रे विनामूल्य ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली, आणि तेव्हापासूनची नवी छायाचित्रे १५ जीबीच्या वाट्यातच मोजली जातात. मात्र दुसऱ्या बाजूनेही अतिशयोक्ती होते, हे सांगितले पाहिजे. जाहिराती दाखवण्यासाठी जीमेलमधली पत्रे तपासण्याचे धोरण गूगलने २०१७ मध्येच सोडले. तरीही ते आजही चालू असल्याचे बेधडक सांगणारे लोक आमच्याच बाजूचे नुकसान करतात.

‘लपवण्यासारखे काय आहे?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, पण न्यायालयापर्यंत जाण्याचीही गरज नाही. रावेर-यावलचा केळी बागायतदार बांधावर आलेल्या व्यापाऱ्याला कधी सांगत नाही, की सोसायटीच्या कर्जाची मुदत संपत आली आहे आणि माल आजच काढावा लागेल. त्यात लाजण्यासारखे काही नसते, परंतु समोरच्याला आपली निकड कळली की भाव पडतो, हे त्याला पक्के ठाऊक असते. आपण काय शोधतो, कोणत्या गावी जातो, कोणत्या आजाराविषयी वाचतो, यांच्या नोंदी एकत्र केल्या की हीच निकड विकत घेण्याजोगी वस्तू होते. ज्याला कर्जाची घाई आहे त्याच्याच फोनवर कर्जाच्या जाहिराती दिसू लागतात, त्यामागचे गणित हेच आहे.

व्हॉट्सअ‍ॅप कुलूपबंद असल्याचे विधान अर्धे खरे आहे. २०१६ पासून तेथील संदेश एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनने, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील अशा कुलपाने, सुरक्षित आहेत आणि ती पद्धत मुळात सिग्नल या दुसऱ्या संदेश-अ‍ॅपच्याच निर्मात्यांची आहे. संदेशातला मजकूर कंपनी वाचू शकत नाही. मात्र कोण कोणाशी, कधी आणि किती वेळा बोलतो, कोणत्या गटात आहे, फोनमध्ये कोणाचे क्रमांक आहेत, ही माहिती त्या कुलपाच्या बाहेर राहते. गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअपही वेगळी सेटिंग चालू केल्याशिवाय त्याच प्रकारे सुरक्षित होत नाही, आणि ही सेटिंग शोधून चालू करणारे थोडेच. व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये माहिती-वाटपाच्या ज्या अटी वापरकर्त्यांवर लादल्या, त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. जून २०२५ मध्ये कंपनीने ‘अपडेट्स’च्या भागात जाहिराती आणण्याचेही जाहीर केले. याउलट २०१६ मध्ये अमेरिकेत सिग्नलकडे एका तपासासाठी माहिती मागितली गेली, तेव्हा खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले, एवढेच त्यांच्याकडे देण्यासारखे होते. सिग्नल देणग्यांवर चालते. व्हॉट्सअ‍ॅपचे एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनी फेसबुकमधून बाहेर पडून २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर घालून त्यामागची संस्था उभी केली, यातच बरेच काही आले.

पर्याय इंग्रजीतच आहेत, हे सरळ चूक आहे. फायरफॉक्स हा ब्राउझर आणि लिब्रेऑफिस हे पत्रे-हिशेब लिहिण्याचे सॉफ्टवेअर मराठीत विनामूल्य मिळतात. ऑरगॅनिक मॅप्स हे नकाशांचे अ‍ॅप एकदा नकाशा उतरवून घेतला की इंटरनेटविना चालते, आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या घाटात नेटवर्क गेल्यावर त्याची किंमत कळते. त्याचा आधार असलेला ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांसाठी खुला नकाशा २००४ पासून स्वयंसेवक घडवत आले आहेत. सातपुड्यातले सगळे पाडे त्यावर सापडतीलच असे नाही, परंतु राहिलेला पाडा तिथला रहिवासी स्वतः नोंदवू शकतो. डकडकगो हे शोधयंत्र जाहिराती दाखवते, पण त्या तुम्ही त्या क्षणी टाइप केलेल्या शब्दांवरून ठरतात, तुमच्या मागच्या आयुष्यावरून नाही. त्यामुळे जाहिरातीलाच पाप मानण्याचे कारण नाही, आक्षेप पाळतीला आहे. फायरफॉक्सचे बहुतांश उत्पन्न अजूनही गूगलशी झालेल्या शोधयंत्राच्या करारातून येते, हेही लपवू नये.

यूट्यूबपुढे मात्र माझ्याकडे उत्तर नाही. अहिराणी गाणी, कानबाईच्या उत्सवाचे चित्रण, खान्देशी विनोद हे सारे तिथे आहे, आणि नेहमीच्या लांबीच्या चित्रफितींवरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा तिथे निर्मात्याला मिळतो. कलावंताला तेवढे मिळवून देणारी दुसरी जागा दाखवल्याशिवाय त्याला तेथून उठवणे अन्यायाचे होईल.

आता शेवटचे आणि सर्वांत फसवे विधान, सगळेच सोडावे लागेल हे. या सेवा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची पकडही सारखी नाही. ब्राउझर, शोधयंत्र आणि नकाशा बदलताना कोणाची परवानगी लागत नाही. केळीच्या भावाचा गट व्हॉट्सअ‍ॅपवर आहे, तो एकट्याने सोडणाऱ्याचे नुकसान होईल, म्हणून तो सोडू नये. मात्र घरातल्या चार माणसांचे बोलणे सिग्नलवर न्यायला भावाच्या गटाची हरकत नसते. ईमेल हळूहळू बदलावा. आधी नवे खाते उघडून जुन्या खात्यावरची पत्रे तिकडे वळवावीत, मग ओळखीच्यांना नवा पत्ता कळवावा, आणि बँक, विमा व सरकारी योजनांच्या संकेतस्थळांवर नोंदवलेला पत्ता सर्वांत शेवटी बदलावा. पीकविम्यासारखे पत्रव्यवहार हंगामातून एकदाच होतात, तेव्हा दोन्ही हंगाम उलटेपर्यंत जुने खाते बंद करू नये.