पाय शोधा, गोल विसरा

आंतरराष्ट्रीय हॉकीत फॉरवर्ड व्हायचं ठरवलंत? उत्तम. मग आधी गोल करण्याचा हट्ट सोडा. ते काम फुलबॅकचं, म्हणजे मागे राहणाऱ्या बचावपटूचं आहे.

विश्वास बसत नसेल तर पाकिस्तानच्या सोहेल अब्बासकडे बघा. आंतरराष्ट्रीय गोल ३४८, आणि जागा फुलबॅकची! तुम्ही पुढे उभे राहून काय दिवे लावणार?

तुमचं खरं काम म्हणजे बचावपटूचा पाय हुडकणं. गोलची चौकट जेमतेम ३.६६ मीटर रुंद, त्यात पॅड बांधलेला गोलरक्षक आडवा. बूट मात्र डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, हवे तेवढे सापडतात. त्यातला एक हेरा, चेंडू नेमका त्यावर आपटा. बचावपटूच्या पायाला चेंडू लागला की फाउल, म्हणजे पेनल्टी कॉर्नर मिळालाच. मग त्या पायाकडे बोट दाखवून पंचांपुढे ओरडा. फार ओरडलात तर हिरवं कार्ड मिळून दोन मिनिटं बाहेर बसावं लागेल. (दम लागला असेल तर जरूर ओरडा.)

मिळवलात कॉर्नर? शाब्बास. आता गोलपोस्टपासून दहा मीटरवर, मागच्या रेषेशी जाऊन कमरेत वाका आणि चेंडू बाहेर ढकला. डीच्या टोकाशी एकजण तो थांबवेल, दुसरा, म्हणजे तुमचाच फुलबॅक, ड्रॅग फ्लिक मारेल (चेंडू स्टिकनं ओढत नेऊन भिरकावेल), जाळं हलेल. तुम्ही पळत जाऊन त्या दुसऱ्याला मिठी मारा. फोटोत तुमची पाठ येईल. जर्सीवरचं नाव स्वच्छ वाचता यावं, एवढी काळजी घ्या.

क्वचित तुमचाही दिवस येतो. कुणीतरी डीबाहेरून सणसणीत फटका मारतो. तो तसाच जाळ्यात गेला तर गोल नाही. डीमध्ये आक्रमकाची स्टिक लागायला हवी. तुम्ही टर्फवर झोकून देता, कोपरं सोलवटतात, स्टिकचं टोक चेंडूला निसटतं लागतं. गोल! आता 'लागला, खरंच लागला' हे सगळ्यांना पटवत बसा. फटका मारणाऱ्याला तर ते आयुष्यभर पटत नाही.

बाकीचा वेळ प्रेसिंगचा, म्हणजे समोरचे फुलबॅक आपसात चेंडू खेळवत असताना त्यांच्यामध्ये धावत राहण्याचा. ऑफसाइडचा नियम १९९०च्या दशकातच गेला, त्यामुळे गोलरक्षकाला खेटून उभं राहायलाही कुणाची ना नाही. तिथं पास येत नाही, तो भाग वेगळा. आणि जरा लय सापडली की बाकावरून हाक येतेच. बदल्यांना या खेळात मर्यादा नाही.

संघनिवडीच्या वेळी मात्र सावध राहा. ऑलिंपिकला जागा १६. निवड समिती विचारेल, गेल्या स्पर्धेत गोल किती केलेत? मिळवून दिलेल्या कॉर्नरांचा पाढा वाचू नका. गोलांच्या यादीत तसा रकानाच नसतो.

निवडला गेलात आणि सामना बरोबरीत सुटला, तर शूटआउटसाठी तुमचं नाव पुकारलं जाईल. समोर एकटा गोलरक्षक, हातात आठ सेकंद, आणि आजूबाजूला एकही फुलबॅक नाही. हा गोल तुमच्या खात्यात धरत नाहीत, तरी मारा. फक्त सवयीनं पाय शोधू नका. गोलरक्षकाला चेंडू पायानं अडवायची मुभा असते.