स्टिकर द्यायचे तर कुणाला? आमच्या गल्लीतलं पार्किंगचं भांडण

आमच्या गल्लीत सध्या एकच विषय चाललाय, पार्किंग परमिट. कोथरूडला आयडियल कॉलनी मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटांवर आमची गल्ली, सकाळचे नऊ वाजले की दोन्ही बाजूंनी टू-व्हीलर लागायला लागतात, त्या रात्रीपर्यंत हलत नाहीत, आणि संध्याकाळी हॉटेलात जेवायला येणाऱ्यांच्या चारचाकी वेगळ्याच. म्हणून चार-पाच सोसायट्यांनी मिळून एक पत्र तयार केलंय, क्षेत्रीय कार्यालयाला आणि ट्रॅफिक पोलिसांना द्यायचं. मागणी अशी की गल्लीत राहणाऱ्यांच्या गाड्यांना स्टिकर द्या आणि बिनस्टिकरची गाडी दिसली की उचला. सह्या घ्यायचं काम पक्याकडे. रविवारी जेवणं झाल्यावर तो पत्र घेऊनच कट्ट्यावर आला आणि मग जे पेटलं ते साडेबारापर्यंत. सगळं लिहून काढतोय कारण हे भांडण आज ना उद्या मेट्रोजवळच्या प्रत्येक गल्लीत होणार आहे.

पक्याचं म्हणणं आधी सांगतो, कारण त्याचं दुखणं खरं आहे. त्याची बिल्डिंग जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही, खाली स्कूटर लागतील एवढीच जागा. त्या काळात कार असायची कुणाकडे? तो रात्री आठला हिंजवडीहून येतो तेव्हा गल्लीत दोन फूट जागा नसते, मग गाडी पौड रोडच्या पलीकडे कुठेतरी टाकून लॅपटॉप खांद्याला लावून चालत यायचं, आणि पावसाळ्यात आईला दवाखान्यात न्यायचं असलं की तिला दारात उभं करून गाडी आणायला पळायचं. "मी इथे जन्मलोय, प्रॉपर्टी टॅक्स भरतो, आणि माझ्या दारात लोहगावला जाणारा माणूस गाडी लावून मेट्रो पकडतो, हा कुठला न्याय?"

सुऱ्या लगेच म्हणाला, टॅक्स घराचा भरतोस ना, रस्त्याचा कुठे भरतोस. रोड टॅक्स भरतो की, पक्या म्हणाला. "अरे तो गाडी रस्त्यावर चालवायचा, ठेवायचा नाही. आणि स्टिकर छापायचा अधिकार सोसायटीला आहे का?" नाहीये, हे त्याचं बरोबर आहे. रस्ता महापालिकेचा, आणि गाड्या कुठे उभ्या राहतील हे ठरवायचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 117 प्रमाणे सरकारचा किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, तोही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. आपण दारापुढे कुंड्या मांडतो, विटा लावतो, तुटकी खुर्ची ठेवून जागा धरतो, त्याला कायद्यात काडीचा आधार नाही. पक्या म्हणाला म्हणून तर रीतसर पत्र देतोय. हेही बरोबरच.

इथपर्यंत नेहमीची वादावादी होती, पण काका बोलले आणि गाडी वेगळ्याच रुळावर गेली. काकांकडे कार नाही, कधी घेतलीच नाही, बँकेतून रिटायर होईपर्यंत पीएमटीच्या बसने गेले आणि आता मेट्रोने फिरतात. त्यांनी विचारलं, एका कारला जागा किती लागते? साधारण पाच मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे 135 चौरस फूट. "म्हणजे माझ्या बेडरूमएवढी. या एरियातला चौरस फुटाचा भाव तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. तेवढी जागा गाडीवाल्याला वर्षभर फुकट द्यायची आणि मला काय? मी याच गल्लीत 40 वर्षं राहतोय, मला फुटपाथवरून पण चालता येत नाही कारण त्याच्यावर बाईक. मला स्टिकर कशाचा देणार?"

कुणाकडेच उत्तर नव्हतं. पक्या पुटपुटला की काका तुमचा विषय वेगळा आहे. मला नाही वाटत वेगळा आहे. 2006 च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात सरळ लिहिलंय की शहरातली जमीन मौल्यवान आहे आणि पार्किंगचं शुल्क ठरवताना तिची किंमत धरा. आपल्या पुण्यातसुद्धा 2018 च्या मार्चमध्ये रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचं पार्किंग धोरण महापालिकेत आलं होतं, आठवत असेल, केवढा राडा झाला होता, मोर्चे काय, सभागृहात घोषणा काय, आणि शेवटी फक्त पाच रस्त्यांवर प्रयोग करायचा असं ठरवून मंजूर झालं आणि तो प्रयोगही रखडला. तेव्हाच पेपरात आलेलं की शहराची लोकसंख्या 35 लाखांच्या आसपास आणि वाहनं 36 लाखांच्या वर. तेव्हा पैसे द्यायला विरोध करणाऱ्यात आपण सगळेच होतो, आणि आज तेच आपण म्हणतोय की रस्ता आमच्यासाठी राखून ठेवा.

वहिनींचा मुद्दा मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि तो पत्र लिहिणाऱ्या एकाच्याही डोक्यात आला नव्हता. त्यांच्या सासूबाई अंथरुणावर आहेत. दिवसाची आया सुतारदऱ्यातून स्कूटरवर येते, रात्रीची वेगळी, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीवाला येतो, शिवाय स्वयंपाकाच्या मावशी. "पत्रात लिहिलंय बाहेरच्या गाड्या उचला. बाहेरचं म्हणजे कोण रे पक्या? माझी आया बाहेरची का? तिची गाडी टोइंगवाल्याने एकदा उचलली तर दंड भरण्यात तिचे दोन दिवसांचे पैसे जातील आणि तिसऱ्या दिवशी ती येणार नाही. मग आईंना कुशीवर कोण वळवणार, तू?" पक्या म्हणाला त्यांना पास देऊ. "मग लिही ना पत्रात, नुसतं तोंडाने काय."

आणि रिक्षावाले मामा. ते आमच्या कट्ट्यावर रोज असतात पण अशा चर्चेत बोलत नाहीत. गल्लीच्या मागच्या वस्तीत राहतात, रिक्षा रात्री आमच्याच गल्लीच्या तोंडाशी लावतात कारण वस्तीतल्या बोळातून रिक्षा आत जातच नाही. ते म्हणाले, "मला स्टिकर मिळनार का? माझ्या आधार कार्डावर गल्लीचं नाव नाही, वस्तीचं आहे." सगळे गप्प. ज्या माणसाला रात्री दोन वाजता फोन केला तरी दवाखान्यात न्यायला येतो तो आमच्या पत्राप्रमाणे बाहेरचा ठरत होता, आणि ज्यांच्या घरात तीन गाड्या आहेत ते तिन्ही स्टिकर घेऊन आतले. हे पत्र जसंच्या तसं गेलं तर मला तरी सही करता येणार नाही, असं मी तिथेच सांगितलं.

आता सुऱ्याबद्दल. तो राहतो नवीन टॉवरमध्ये, आमच्या गल्लीत रिडेव्हलपमेंटला गेलेली पहिली सोसायटी, आधी 16 फ्लॅट होते आता अकरा मजले. त्यांना पार्किंग आहे, पण ते मशीनवालं, खालीवर होणाऱ्या पॅलेटचं. वहिनींनी विचारलं मग तुमच्या टॉवरच्या गाड्या रोज रस्त्यावर कशा? सुऱ्याने खरं सांगितलं, त्याबद्दल त्याला मानलं. गाडी काढायची तर आधी दुसऱ्यांच्या पॅलेट हलवायच्या, चार-पाच मिनिटं जातात, सकाळी एकदम पाच जण आले की लाइन लागते, वरच्या पॅलेटला उंची कमी त्यामुळे एसयूव्ही चढत नाही, लाइट गेली किंवा मशीन बिघडलं की गाडी अडकली. म्हणून लोक सरळ रस्त्यावर लावतात आणि आतली पॅलेट रिकामी. म्हणजे बघा, पक्याला जागा नाही म्हणून तो रस्त्यावर आणि टॉवरवाल्याला जागा आहे पण कंटाळा येतो म्हणून तोही रस्त्यावर, आणि स्टिकर दोघांना सारखाच मिळणार. मेट्रोवाल्यांच्या नावाने आपण ओरडतोय पण रात्री अकरा वाजता मेट्रोवाला कुठे असतो? तेव्हाही गल्ली भरलेलीच असते, ती आपल्याच गाड्यांनी.

2020 मध्ये 6 मीटरचे रस्ते 9 मीटर करायचा प्रस्ताव महापालिकेत आला होता, म्हणजे बिल्डिंगा उंच करता येतील. काकांचं म्हणणं, रस्ता मोठा केलात की त्याच्यावर आणखी एक रांग गाड्यांची लागेल, दुसरं काही होणार नाही. आमच्या गल्लीकडे बघून तरी ते खोटं म्हणवत नाही.

मग दादाने बंगळूरचं काढलं, तो तिकडे सहा वर्षं होता. तिथे 2021 ला जी पार्किंग पॉलिसी मंजूर झाली तिच्यात रहिवाशांना रस्त्यावरच्या पार्किंगचं वार्षिक परमिट आहे, छोट्या गाडीला हजार रुपये, मधल्या गाडीला तीन-चार हजार आणि मोठ्या एसयूव्हीला पाच हजार. पक्या म्हणाला वर्षाला पाच हजार? एवढंच? मी आत्ता देतो. हीच तर अडचण आहे. सगळेच म्हणणार आत्ता देतो. अमेरिकेत बॉस्टनमध्ये रहिवाशांना परमिट फुकट मिळतं आणि किती द्यायची याला मर्यादाच नाही, त्यामुळे जागेपेक्षा परमिट जास्त झालीत आणि परमिटवालासुद्धा जागा शोधत चकरा मारतो. दुसरं टोक जपानचं, तिथे 1962 पासून कायदा आहे की घरापासून दोन किलोमीटरच्या आत रस्त्याबाहेर हक्काची जागा आहे हे पोलिसांकडून प्रमाणित करून आणल्याशिवाय साधारणपणे गाडी नावावर होत नाही, आणि रात्री आठ तासांपेक्षा जास्त रस्त्यावर गाडी ठेवता येत नाही. आपल्याकडेही 2025 च्या मे मध्ये परिवहन मंत्री सरनाईक बोलले होते की पार्किंगची जागा दाखवा तरच गाडीची नोंदणी. सुऱ्या म्हणाला असं केलं तर गरिबाने गाडी घ्यायचीच नाही का. काका म्हणाले, गरीब बसने जातो रे, तू त्याची बस आधी नीट कर. त्याच्या आधी 2021 ला मुंबई हायकोर्टाने पण सुनावलं होतं की फ्लॅट एक आणि पार्किंगला जागा नाही अशा कुटुंबाला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नका. हे वाक्य काकांना फारच आवडलं, दोनदा म्हणायला लावलं.

माझं मत मी तिथे मांडलं तेच इथे लिहितो. परमिट वाईट नाही, पण स्टिकर छापल्याने रस्ता एक इंचही रुंद होत नाही, म्हणून आधी जागा मोजा आणि जेवढी जागा तेवढीच परमिटं काढा. आमची गल्ली 200 मीटरच्या आसपास. फायर ब्रिगेडची गाडी आत यायची असेल तर पार्किंग एकाच बाजूला ठेवावं लागेल, दुसरी बाजू पूर्ण मोकळी. एका बाजूला पाच मीटरला एक धरली तर 40 गाड्या, त्यातून सोसायट्यांची गेटं, कोपरे, ट्रान्सफॉर्मर आणि कचऱ्याची गाडी थांबते ती जागा काढा, टू-व्हीलरसाठी एक तुकडा ठेवा, पंचवीस उरल्या तरी खूप. पक्याच्या यादीत गल्लीतल्या चारचाकी ऐंशीच्या वर आहेत. म्हणजे स्टिकर मिळूनही पन्नास-पंचावन्न गाड्या बाहेरच, मग रोज रात्री आपल्याआपल्यातच मारामाऱ्या, आणि आता तर प्रत्येकाच्या हातात कागद असणार की माझा हक्क आहे. म्हणून ज्याच्या सोसायटीत जागा आहे त्याला परमिट नाही, मग ती मशीनची का असेना. घराला एकच. ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला आधी, म्हणजे मामांची रिक्षा यादीत वर, पत्ता वस्तीचा असला तरी, कारण वस्ती याच गल्लीला लागून आहे. आया, नर्स यांना घराच्या नावाने पास. आणि पैसे घ्यायचे, चांगले घ्यायचे, पण ते याच गल्लीच्या फुटपाथला लागले पाहिजेत म्हणजे काकांनाही काही मिळेल. अमेरिकेतल्याच पॅसडीना गावात 1993 ला जुन्या बाजारपेठेत मीटर लावले तेव्हा दुकानदार याच अटीवर तयार झाले की पैसा त्याच रस्त्यांवर खर्च होणार. आपल्याकडे पैसे कुठे जातात ते दिसत नाही म्हणून लोक एक रुपया द्यायला तयार नसतात, यात लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही.

मेट्रोने जाणाऱ्यांवर राग काढणं मला पटत नाही. तो माणूस रामवाडीपर्यंत गाडी चालवत गेला असता तर कर्वे रोडवरची गर्दी वाढवली असती. स्टेशनजवळ त्याला पैसे देऊन गाडी लावायची सोय आणि गल्लीपर्यंत येणारी छोटी बस, ही मागणी मेट्रोकडे आणि पालिकेकडे करायची, त्याची गाडी उचलायची नाही. 2022 च्या मार्चला मेट्रो सुरू झाली तेव्हा पेढे आपणच वाटले होते.

पक्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "पंचवीसात माझा नंबर नाही लागला तर?" त्याची पहिली गाडी आहे, सोसायटीत जागा नाही, त्यामुळे लागायला पाहिजे, पण खात्री कोण देणार? मी म्हणालो, नाही लागला तर आत्ता लावतोस तिथेच लावायची, फरक एवढाच की गल्लीत आपल्या आईची अँब्युलन्स येऊ शकेल. तो चिडला. म्हणाला तुझी गाडी सोसायटीत लागते म्हणून तुला बोलायला सोपं जातं. त्यात तथ्य आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, पण त्यामुळे गल्लीची लांबी काही वाढत नाही.

सह्या सध्या थांबवल्यात. येत्या रविवारी सकाळी सात वाजता, मेट्रोची गर्दी व्हायच्या आत, टेप घेऊन गल्ली मोजायची असं ठरलंय, काका आणि मामा दोघंही येणार आहेत. आया आणि नर्सच्या पासचं कलम वहिनी लिहून देणार. सुऱ्या त्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मशीन पार्किंगचा विषय काढणार आहे, रिकाम्या पॅलेट किती ते लेखी मागणार आहे. पक्या येणार का ते त्याने सांगितलेलं नाही, पण गाड्यांची यादी त्याने ग्रुपवर टाकलीये, आणि त्यात मामांची रिक्षा सगळ्यात शेवटी का होईना घातलीये.