सन स्टुडिओ रेडिओ स्टेशन नव्हतं हो!

ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय. म्हणे एल्विस प्रेस्ली मेम्फिसच्या सन स्टुडिओतून पहिल्यांदा रेडिओवर गायला, तो स्टुडिओ कधीच पाडला, आता आहे तो टुरिस्टांसाठीचा सेट, आणि गाणी यूट्यूबवर असताना खोल्या कशाला जपायच्या?

आधी रेडिओचं बघू. सन ही रेकॉर्डिंगची जागा, ७०६ युनियन अव्हेन्यू. तिथे ५ जुलै १९५४ ला एल्विसचं 'दॅट्स ऑल राइट' हे गाणं टेप झालं आणि सनचा मालक सॅम फिलिप्सने ते दोनतीन दिवसांत रेडिओवर गाणी लावणाऱ्या ड्युई फिलिप्सकडे नेलं (भाऊबिऊ नाहीत, नुसतं आडनाव सेम). ड्युईचा शो मेम्फिसच्याच डब्ल्यूएचबीक्यू या रेडिओ स्टेशनवर, त्याचा स्टुडिओ चिस्का हॉटेलच्या मेझनीनवर (दोन मजल्यांमधल्या अर्ध्या मजल्यावर). रेकॉर्ड लागल्यावर फोन सुरू झाले ते थांबेचनात, ड्युईने तीच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा लावली, एल्विस लाजून पिक्चरला जाऊन बसलेला, त्याला आईवडिलांनी शोधून आणलं आणि ड्युईने गप्पांच्या ओघात शाळा कुठली ते विचारलं. ह्यूम्स हायस्कूल. शाळा तेव्हा काळ्यागोऱ्यांच्या वेगळ्या, त्यामुळे ऐकणाऱ्यांना कळलं की पोरगा गोरा आहे. माइक चालू होता हे एल्विसला माहीतच नव्हतं! म्हणजे त्या रात्री तो रेडिओवर गायला नाही, बोलला.

आपल्याकडेही हा घोळ होतोच, अमीन सायानी रेडिओ सिलोनसाठी कोलंबोत बसून बोलायचे असं कित्येकांना वाटायचं, प्रत्यक्षात बिनाका गीतमाला मुंबईत रेकॉर्ड होऊन टेप तिकडे जायची.

पाडला? नाही. सॅम दुसऱ्या जागेत गेल्यावर तिथे भलतेच धंदे आले, पण १९८७ मध्ये स्टुडिओ परत सुरू झाला, त्याच वर्षी यूटू या बँडने तिथे रेकॉर्डिंग केलं, आणि २००३ पासून ते नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क आहे. सेटवर कोण रेकॉर्डिंग करतं?

'सेट' शब्दात थोडं तथ्य आहे ते ड्युईच्या बूथपुरतं, म्हणजे तो बसून रेकॉर्ड लावायचा त्या खोलीपुरतं. तो आज सनच्या म्युझियममध्ये बघायला मिळतो, पण मूळचा तिथला नाही. चिस्का कित्येक वर्षं रिकामं पडून होतं (आता तिथे अपार्टमेंट्स आहेत), तिथून बूथचे भाग काढून आणून इथे जोडले. वाडा मोडताना दरवाजा, खांब काढून दुसरीकडे बसवतात ना, तसंच. लाकूड जुनंच, जागा नवी. याला नकली म्हणणं मला पटत नाही, फक्त 'इथूनच एल्विस पहिल्यांदा वाजला' असं कोणी सांगितलं तर टोका.

राहिलं यूट्यूब. गाणं मिळेल हो, पण एकटा माणूस स्वतःच्या मर्जीने एकच रेकॉर्ड परत परत लावू शकायचा हे त्या बूथसमोर उभं राहिल्यावर जास्त कळतं. पुढे टॉप फॉर्टीचा, म्हणजे ठरलेली हिट गाणीच फिरवून लावायचा जमाना आला, काय वाजवायचं ते ठरवून मिळायला लागलं, आणि १९५८ मध्ये ड्युईची नोकरीच गेली.