आवाजी मतदानात नावं हरवतात
आमदार पक्षादेशाबाहेर जात नाहीत, म्हणून कामगार प्रश्नांवर एकेकाच्या मताचा हिशेब ठेवण्यात अर्थ नाही, हे लेखातलं म्हणणं अजिबात पटलं नाही. तमिळनाडूचंच पाहा. 21 एप्रिल 2023 ला तिथल्या विधानसभेत 12 तासांच्या पाळीची वाट मोकळी करणारं कारखाने दुरुस्ती विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं. काँग्रेस, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, व्हीसीके (तिथला दलितांचा पक्ष) हे तेव्हा सत्तेत असलेल्या द्रमुकचे मित्रपक्षच निषेध करत सभागृहाबाहेर पडले. कामगार संघटना खवळल्या, अंमलबजावणी थांबली आणि 1 मे रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी विधेयक मागे घेतल्याचं जाहीर केलं. दबाव चालतो तो असा!

पण 'होय' म्हणणारे कोण होते? आवाजी मतदानात नावं नोंदलीच जात नाहीत. त्यासाठी कुणीतरी मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवणारं मतदान, मागावं लागतं, आणि खरा राग याचाच येतो की विरोधकही ते क्वचितच मागतात. सभात्यागाची बातमी होते, नोंद राहत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही कारखान्यांतले दिवसाचे कामाचे तास 9 वरून 12 करायला मान्यता दिली. कामगार संघटनांनी आपापल्या आमदाराकडून आधीच लेखी घ्यावं: कामगारांचं विधेयक आलं की मतविभाजन मागणार की नाही?