मतदान पथकाची तालीम आदल्या संध्याकाळीच घ्या

निवडणूक ड्युटीच्या प्रशिक्षणात यंत्र हाताळायला शिकवतात, आणि नीट शिकवतात. चौघांनी मिळून केंद्र कसं चालवायचं, हे मात्र कुणी घोटून घेत नाही. वेगवेगळ्या कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांची सरमिसळ करून पथकं बनवल्यावर केंद्राध्यक्ष शाळेतले, एक अधिकारी बँकेतला, एक पालिकेतली. साहित्य वाटप केंद्रावर नीट ओळख होण्याआधीच साहित्य मोजायला बसतात. लोकसभेच्या मतदानाला, २० मे २०२४ ला, मुंबईतल्या मतदारांनी उन्हात रांगा सोसल्या आहेत, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

केंद्र मांडून झालं की अर्धा तास कोरडी तालीम घ्या. यंत्राला हात लावायचा नाही, ते सीलबंदच राहील. एकाने मतदार व्हायचं. पहिल्या अधिकाऱ्याने नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचायचा, उमेदवारांच्या प्रतिनिधींना ऐकू गेला पाहिजे. दुसऱ्याने १७ ए या मतदारांच्या नोंदवहीत नोंद, सही, डाव्या तर्जनीला शाई, चिठ्ठी. तिसऱ्याने चिठ्ठी हातात आल्याशिवाय मत देण्यासाठी यंत्र खुलं करणारं बॅलटचं बटण दाबायचं नाही. गडबड हमखास इथेच होते: रांग वाढते, चिठ्ठ्यांचा क्रम चुकतो, कुणी सही करून मत न देताच निघून जातो आणि तसा शेरा लिहायचा राहतो. मग संध्याकाळी नोंदवही आणि यंत्राचा आकडा जुळत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात. दर दोन तासांनी टक्केवारी कळवायचीच असते; तेव्हाच तिसऱ्याने यंत्रावरची टोटल, म्हणजे एकूण मतं, वाचावी, दुसऱ्याने शेवटचा अनुक्रमांक सांगावा.

सकाळचं सर्वांत नाजूक काम सीआरसीचं, म्हणजे क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं क्रमाने दाबण्याचं. किमान ५० मतांचं अभिरूप (चाचणी) मतदान, क्लोज, रिझल्ट, व्हीव्हीपॅट या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या चिठ्ठ्यांशी ताळा, मग ही चाचणीची मतं पुसायला क्लिअर. प्रतिनिधी गलका करत असतात, सात वाजत आलेले असतात, आणि क्लिअर राहून जातं. तसं यंत्र मतमोजणीला बाजूला ठेवावं लागतं. मतदारांनी काय पाप केलंय? केंद्राध्यक्षांनी बटण दाबायचं, पण ‘टोटल शून्य’ हे दुसऱ्या कुणीतरी बघून मोठ्याने म्हणायचं. तो दुसरा कोण, हे आदल्या संध्याकाळीच ठरवा. व्हीव्हीपॅटमधल्या त्या चिठ्ठ्या काढून, शिक्का मारून काळ्या लिफाफ्यात कोण भरणार, हेही.

व्हीव्हीपॅट खिडकीसमोर किंवा थेट दिव्याखाली येत नाही ना, ते टेबल लावतानाच बघा; प्रखर उजेडाने ते बिघडू शकतं. जेवायला एकेकाने जायचं, त्यामुळे शेजारच्याचं काम प्रत्येकाला आलं पाहिजे. आणि क्षेत्रीय अधिकाऱ्यांचा नंबर चौघांच्याही फोनमध्ये असू द्या, केवळ केंद्राध्यक्षांच्या नको.